पूर्व भिंतीवरचा जादा हत्ती

दरबार दालनाच्या गजथरात एकशे छत्तीस हत्ती आहेत. हे मी सांगत नाही, जडवस्तू नोंदवहीचे पान सेहेचाळीस सांगते. राजवाड्याच्या दारातला फलक तेच सांगतो आणि तिकिटाच्या मागे बारीक टायपात तेच छापले आहे. दरवर्षी त्या नोंदीपुढे "प्रत्यक्ष पडताळणी केली, संख्या बरोबर" असे लिहून सही करणारा जडवस्तू लिपिक मी. एकोणीस वर्षांत एकोणीस सह्या केल्या आणि एका हत्तीचाही फरक पडला नाही.

पडताळणीची पद्धत बाहेरच्या माणसाला कळत नाही, म्हणून सांगतो. गेल्या वर्षीचा आकडा वाचायचा. तो यंदाच्या रकान्यात उतरवायचा. मग दोन्ही आकडे एकमेकांशी ताडून पाहायचे. जुळले की पडताळणी झाली. ते नेहमी जुळतात. माझ्या आधीच्या लिपिकाने ही पद्धत मला शिकवली, त्याला त्याच्या आधीच्याने. मधल्या काळात राजाचे राज्य गेले, पण पद्धतीला धक्का लागला नाही.

दालन तसे बघण्यासारखे आहे. दारावर डोळे वटारलेले कीर्तिमुख, छताला सोळा पाकळ्यांचे दगडी कमळ, खांबाखांबावर सिंहाच्या तोंडाचे आणि घोड्याच्या अंगाचे व्याल, आणि खाली कमरेच्या उंचीवर चारी भिंतींवरून फिरलेली हत्तींची रांग. प्रत्येकाने सोंडेत पुढच्याचे शेपूट धरलेले. शिस्त आमच्या कार्यालयाने त्यांच्याकडून शिकावी. फक्त पूर्वेच्या भिंतीवर, खिडकीशेजारी, एका हत्तीने पुढच्याचे शेपूट सोडून मान मागे वळवली आहे. कुणीतरी त्याला घरच्या नावाने हाक मारली असावी असा तो बघतो. त्याच्यासमोरच्या कट्ट्यावर बसून मी रोज डबा खातो. इतकी वर्षे समोरासमोर बसून जेवल्यावर माया लागतेच. मला त्या हत्तीची माया आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. ती कुठल्या रकान्यात लिहावी हे मात्र कोणत्याही परिपत्रकात नाही.

असे सगळे सुरळीत चालले असताना एका रविवारी एक भांडारपाल सुट्टी घालवायला सहकुटुंब आला.

अंगाने बारीक, शर्टाचे वरचे बटणही लावलेले, कानावर पेन्सिल. सुट्टीच्या दिवशी कानावर पेन्सिल ठेवणाऱ्या माणसापासून देवाने सर्वांचे रक्षण करावे. तो कुठल्याशा कारखान्याच्या भांडारात एकतीस वर्षे नट, बोल्ट आणि वॉशर मोजत होता. लोक येतात, व्यालाच्या तोंडात हात घालून फोटो काढतात, कमळाखाली उभे राहून "केवढं हो" म्हणतात आणि जातात. हा गृहस्थ दारापाशी थांबला आणि बोट पुढे करून, ओठ हलवत भिंतीच्या कडेकडेने चालू लागला.

"अहो, आज रविवार आहे," त्याची बायको म्हणाली. "निदान आज तरी मोजू नका."

"मोजत नाहीये. बघतोय."

"तुमचं बघणं मला माहीत आहे." मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आमच्या लग्नात यांनी पाहुणे मोजले होते. दोन जास्त भरले. अजून शोधतायत ते कोण होते."

भांडारपाल चारी भिंती फिरून आला. मग उलट्या दिशेने पुन्हा फिरून आला. नंतर माझ्या टेबलापाशी उभा राहून अगदी अदबीने म्हणाला, "साहेब, फलकावर एकशे छत्तीस लिहिलंय. एकशे सदतीस आहेत."

"एकशे छत्तीसच आहेत," मी म्हणालो.

"दोन्हीकडून मोजले."

"म्हणून चुकलं असेल. लोक एकाच बाजूनं मोजतात."

तो हसला. वाद घालणारा माणूस नव्हता, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. त्याने एवढेच केले की जाताना अभिप्राय वहीत लिहिले, "फार सुंदर. खिडकीजवळचा हत्ती तर जिवंत वाटतो. एकूण हत्ती १३७." आणि खाली नाव, पूर्ण पत्ता, सही. नियमानुसार अभिप्रायाला पंधरा दिवसांत उत्तर द्यावे लागते. "फार सुंदर"ला आम्ही "आभारी आहोत" असे उत्तर देतो. "१३७"ला काय उत्तर द्यायचे ते ठरलेले नव्हते, म्हणून मी टिपणी लिहून वही अधीक्षक साहेबांकडे पाठवली. लोक मला विचारतात, पान फाडून का नाही टाकलंत? पाने क्रमांकित आहेत.

साहेबांनी टिपणी वाचली आणि चष्मा काढला.

"एक कमी भरला असता तर काय केलं असतं?" त्यांनी विचारले.

"निर्लेखन प्रस्ताव, साहेब. नमुना नऊ. हत्ती झिजला, फुटला किंवा चोरीस गेला, यापैकी लागू नसेल ते खोडायचं."

"बरोबर. आणि जास्त भरला तर?"

"नमुना नाही, साहेब."

"नाही ना? मग हा आला कुठून? कुणी मागवला? आवक नोंद कुठं आहे? उद्या वरून कुणी विचारलं की राजवाड्यात विनामंजुरी हत्ती उभा राहिला तेव्हा अधीक्षक काय करत होते, तर मी काय सांगू? डुलकी काढत होतो म्हणून?"

हा युक्तिवाद बिनतोड होता. वस्तू हरवणे ही मानवी चूक आहे, सगळ्या कार्यालयांत होते. वस्तू वाढणे हे मात्र संशयास्पद आहे.

त्रिसदस्यीय मोजणी समिती नेमली गेली. तिच्यात मी, दालनाचा पहारेकरी आणि तिकीट खिडकीवरच्या बाई. पहारेकऱ्याला एकशे पस्तीस भरले, कारण त्याने आपल्या खुर्चीतून न उठता मोजले आणि दाराच्या फळीमागचे दोघे त्याला दिसत नाहीत. बाईंना एकशे एक्केचाळीस भरले, कारण मधेच घरून फोन आला आणि बोलून झाल्यावर आपण कुठल्या हत्तीपाशी होतो ते त्यांच्या लक्षात राहिले नाही. मला एकशे छत्तीस भरले. मी नोंदवही हातात धरून मोजले होते.

साहेबांनी तिन्हींची सरासरी काढली. एकशे सदतीस पूर्णांक एक तृतीयांश आली.

"आता हा एक तृतीयांश कुठला?" साहेब हताश होऊन म्हणाले. "भांडारपाल निदान अख्खा हत्ती तरी वाढवून गेला होता."

शेवटी प्रत्येक हत्तीच्या कपाळावर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवायचे ठरले. दोन दिवस पहारेकरी डिंकाची बाटली घेऊन फिरला. दालनाचे रूप शाळेच्या परीक्षेसारखे झाले. पश्चिमेला चौतीस, उत्तरेला चौतीस, दक्षिणेला चौतीस आणि पूर्वेला पस्तीस. म्हणजे हत्ती खरोखरच एकशे सदतीस होते. मला, खोटे कशाला बोलू, भांडारपालाचा राग आला. तो बरोबर निघायला नको होता.

जादा हत्ती पूर्व भिंतीवर आहे एवढे निश्चित झाले, पण पस्तिसांपैकी कोणता? कुणा एकावर ठपका ठेवणे न्यायाला धरून नव्हते. म्हणून पस्तीसही हत्तींना कारणे दाखवा नोटिसा काढण्यात आल्या. "आपण नोंदवहीतील आहात याचा पुरावा या नोटिशीपासून पंधरा दिवसांत सादर करावा, अन्यथा आपले काहीही म्हणणे नाही असे समजण्यात येईल." नोटिसा ज्याच्या त्याच्या पुढच्या पायावर डकवल्या. पंधरा दिवस उलटले. एकाही हत्तीने उत्तर दिले नाही. चौतिसांचे मौन साहेबांनी नम्रता म्हणून स्वीकारले. खिडकीजवळचा मात्र मान फिरवून बसलेला. साहेब म्हणाले, हा उद्धटपणा आहे.

"सगळे पुढच्याचं शेपूट धरून चाललेत, हा एकटा मागं बघतोय," ते म्हणाले. "रांगेत नाही तो रांगेतला नाही."

तरी एकतर्फी निर्णय नको म्हणून मूर्तितज्ज्ञ बोलावले. त्यांनी भिंग घेऊन तीन दिवस हत्ती पाहिला आणि चाळीस पानांचा अहवाल दिला. मी तो पूर्ण वाचला आहे. त्यात लिहिले होते की साऱ्या दालनात एवढे जिवंत काम दुसरे नाही. एकशे छत्तीस हत्ती कारागिराने हुकमावरून कोरले आणि हा एकच त्याने स्वतःच्या मनाने कोरला असावा, असेही होते. साहेबांना चाळीस पाने वाचायला वेळ नव्हता. त्यांनी शेवटच्या पानावरच्या दोन ओळींखाली लाल रेघ मारली. एक, "हा हत्ती इतरांहून वेगळा आहे." दोन, "तो हुकमाबाहेर कोरलेला दिसतो."

"कारागिराचा कबुलीजबाबच म्हणायचा हा," साहेब म्हणाले आणि हत्ती काढून टाकण्याचा आदेश निघाला. मी तो आदेश स्वतः टाइप केला. त्या दिवशी कट्ट्यावर बसलो. मी डबा उत्तरेच्या भिंतीकडे तोंड करून संपवला.

पाथरवट आला. वयस्कर माणूस, हातात पिशवी, पिशवीत छिन्न्या. त्याने हत्तीवरून तळवा फिरवला, मागच्या हत्तीची सोंड चाचपली आणि साहेबांना विचारले, "याचं शेपूट मागच्यानं धरलंय. त्याचं काय करू?"

"म्हणजे?"

"हा गेला की मागच्याच्या सोंडेत नुसतं शेपूट राहील. बिनहत्तीचं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी नोंदवही चाळली. सुट्या शेपटाची नोंद नव्हती. "शेपूटही काढा," साहेब म्हणाले.

"शेपूट काढायचं तर सोंड फुटणार. सोंड गेली की तो मागचा हत्ती हत्ती दिसायचा नाही. डुक्कर दिसेल."

"मग हत्ती एकशे पस्तीस आणि डुक्कर एक होईल," मी म्हणालो.

"डुकराची मंजुरी आहे का?"

"नाही, साहेब."

"मग मागचाही काढावा लागेल."

"मग त्याच्या मागच्याच्या सोंडेत त्याचं शेपूट आलं," पाथरवट शांतपणे म्हणाला. "असं करत करत मी दारापर्यंत जाईन. मला काय, मी रोजावर आहे."

साहेब हिशेबाला बसले. एक जादा हत्ती नियमाप्रमाणे काढायचा तर भिंतीवरचे बावीस जात होते. पण त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरले. बावीस हत्ती कमी होणार होते, आणि कमी होण्याला नमुना नऊ होता. "पुढच्या सोमवारी काम सुरू करा," ते म्हणाले. भांडारपालालाही पंधरा दिवसांच्या मुदतीत उत्तर गेले नव्हते, ते उशिराबद्दल दिलगिरीसह पाठवले. "आपल्या मौलिक सूचनेची दखल घेऊन जादा हत्ती व तदनुषंगिक एकवीस हत्ती हटवण्यात येत आहेत. असाच लोभ असावा."

शनिवारी सकाळी दार उघडायच्या आधी भांडारपाल दारात उभा. ते पत्र त्याच्या हातात होते. मागे बायको.

"साहेब, मी तक्रार केली नव्हती," तो म्हणाला. "मला आवडला म्हणून लिहिलं हो. एक जास्तच आहे, चांगलंय, एवढंच मनात होतं."

"शासकीय मालमत्तेत चांगलं म्हणून काही जास्त नसतं," साहेब म्हणाले.

"अहो, पण नुसतं मागं वळून बघितलं त्यानं," बायको म्हणाली. "तेवढ्यासाठी कुणी जीव घेतं का? आमचे हे तर रस्त्यात दहादा मागं वळून कुलूप लागलंय का बघतात."

साहेब माणूस वाईट नाहीत. त्यांनी दोघांना बसवले, पाणी मागवले आणि म्हणाले, "हे बघा, आकडे दोन आहेत. दोन्ही खरे असू शकत नाहीत. तुमची मोजणी चुकली असं तुम्ही लेखी द्या, मग प्रकरणच उरत नाही. किंवा मग नोंदवही चुकली. नोंदवही चुकली असं हा लिपिक लेखी देऊ शकतो. पण मग यानं एकोणीस वर्षं काय मोजलं, ते याला सांगावं लागेल."

खोलीतले सगळे माझ्याकडे पाहू लागले. भांडारपालाने विचारले, "तुम्ही दरवर्षी मोजता ना, साहेब?"

"पडताळणी करतो," मी म्हणालो.

त्याला ते समजले असावे. इतकी वर्षे भांडारात काढलेल्या माणसाला अशी उत्तरे समजतात. मला वाटले, तो आता हसेल किंवा ओरडेल, आणि त्याने तसे केले असते तर कदाचित मी बोललो असतो. निदान आज मला तसे वाटते. पण तो उठला आणि दालनात जाऊन त्या हत्तीसमोर उभा राहिला. हत्तीच्या कपाळावर अजून एकशे सोळाची चिठ्ठी होती. त्याची बायको हळूच म्हणाली, "अहो, तुमच्या मोजण्याला आजवर कुणी नाव ठेवलं नाही. आख्खा कारखाना तुमच्या आकड्यावर डोळे मिटून चालतो. असं काही लिहून देऊ नका. आपण जाऊ या."

"मग हा जाईल," तो म्हणाला.

मजकूर मी तयार केला. "मला मोजता येत नाही. दरबार दालनात एकशे छत्तीसच हत्ती असून एकशे सदतिसावा मला भासला, याबद्दल दिलगीर आहे." त्याने तो दोनदा वाचला, कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली, माझे पेन मागितले आणि सही केली. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. मी शिक्का शोधायला गेलो आणि गरजेपेक्षा जास्त वेळ शोधत राहिलो.

अशा रीतीने हत्ती वाचला. तो आहे तिथेच आहे, फक्त कार्यालयीनदृष्ट्या तो नाही. धूळ झटकण्याची तरतूद एकशे छत्तीस हत्तींपुरतीच असल्याने झाडूवाला त्याला वगळून पुढे जातो. डबा खाल्ल्यावर मी त्याला माझ्या रुमालाने पुसतो. पर्यटकांपैकी कुणी त्याच्याकडे बोट दाखवलेच तर पहारेकरी सांगतो, "तो भास आहे, पुढं चला." लोक पुढे जातात.

सत्यप्रतिज्ञ निवेदनाची एक प्रत संबंधिताच्या कार्यालयाला पाठवावी लागते, ती पाठवली. कारखान्यात खळबळ माजली. मोजता न येणाऱ्या माणसाच्या हाती एकतीस वर्षे भांडार होते म्हटल्यावर त्यांनी फेरमोजणी समिती बसवली. तीन महिने वॉशर मोजले. सगळे बरोबर भरले, एकही कमी-जास्त नाही. समितीने निष्कर्ष काढला की ज्याला मोजता येत नाही त्याचे सगळे बरोबर भरणे हे अतिशय संशयास्पद आहे. त्याला भांडारातून हलवून मोजण्यासारखे काहीही नसलेल्या जागी, म्हणजे सूचनापेटीपाशी बसवले.

आमच्याकडे मात्र या प्रकरणातून कायमची सुधारणा झाली. पुन्हा कुणी आगंतुक आकडा लिहून जाऊ नये म्हणून अभिप्राय वही बंद करून बाहेर पडण्याच्या दारापाशी टेबल ठेवले. त्यावर छापील तक्ता. "मी गजथर समक्ष पाहिला. हत्ती एकशे छत्तीस आहेत." पुढे नाव आणि सही. सही केल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत. पहिल्याच महिन्यात अकरा हजार लोकांनी सह्या केल्या. एकानेही थांबून विचारले नाही. डॉक्टर आले, मास्तर आले, वकील तर दोन बस भरून आले, आणि सगळ्यांना बरोबर एकशे छत्तीस भरले. साहेबांचा गौरव झाला. मला आता पडताळणीचे कामच उरले नाही, ते जनतेने अंगावर घेतले आहे.

तुमची सहीही मी पाहिली. अक्षर छान आहे. तुम्ही आलात त्या रविवारी टेबलापाशी गर्दी होती, तुमच्या पुढे एक बारीक अंगाचे, कानावर पेन्सिल ठेवलेले गृहस्थ पेन हातात धरून नुसतेच तक्त्याकडे बघत उभे होते. त्यांच्या खांद्यावर टकटक करून "काका, करून टाका हो सही, कोण मोजतंय, आम्हाला गाडी गाठायचीय" असे म्हणालात, ते तुम्हीच. त्यांनी वळून तुमच्याकडे पाहिले, आणि सही केली.